अंधारातील सोबती : संकटकाळासाठी विजेरीची निवड

म्हैसूर शहराचा आणि दिव्यांचा संबंध जुना आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे धबधब्याच्या बळावर निर्माण केलेली वीज १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत तारांवाटे नेण्यात आली. १९०५ मध्ये बंगळूरचे रस्ते विजेने उजळले आणि १९०८ मध्ये म्हैसूरला वीज मिळाली. आज दसऱ्याच्या दिवसांत राजवाड्यावर लाखाच्या जवळपास दिवे एकाच क्षणी लागतात. विजयादशमीच्या रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींचे संचलन होऊन उत्सवाची सांगता होते.

या दोन दृश्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. राजवाड्यावरील दिव्याची शक्ती दुरून येते. मशालीची शक्ती मशालीतच असते. दूरची तार तुटली की लाख दिवे एकदम मालवतात. हातातील मशाल मात्र तिच्यातील तेल संपेपर्यंत जळते. विजेरी, म्हणजे घरोघर जिला बॅटरी किंवा टॉर्च म्हणतात ती वस्तू, ही या अर्थाने आधुनिक मशालच होय. संकटकाळी कोणती विजेरी जवळ असावी हा प्रश्न क्षुल्लक वाटला, तरी त्याचे उत्तर शोधताना प्रकाश, ऊर्जा आणि मानवी डोळा यांविषयीचे बरेच शास्त्र कामी येते.

कल्पित संकट

विचाराला आधार म्हणून एक अद्भुत प्रसंग कल्पावा. म्हैसुरातील वीज गेली आहे आणि ती सात रात्री येणार नाही. रस्त्यांतून मेलेली माणसे हिंडत आहेत. मराठी मुलखात वेताळाच्या आणि त्याच्या पालखीपुढे चालणाऱ्या मशालींच्या कथा सांगितल्या जात. पाश्चात्त्य चित्रपटांत अशा चालत्या प्रेतांना ‘झोंबी’ म्हणतात. हा शब्द हैती देशातील लोकसमजुतींतून आला आणि जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या चित्रपटानंतर ही कल्पना जगभर पसरली.

अशा कल्पनेचा शिक्षणासाठी उपयोग करणे यात नवीन काही नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये झोंबींच्या संकटाला तोंड देण्याची तयारी कशी करावी, याविषयीचे एक लेखन प्रसिद्ध केले. त्यामागील विचार साधा होता : जो मनुष्य झोंबींसाठी पाणी, अन्न, औषधे आणि दिवा तयार ठेवील, तो वादळासाठी व भूकंपासाठीही तयार असेल.

खरी संकटे दूर नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. म्हैसूर जिल्ह्याला लागून असलेल्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरडी कोसळल्या, त्याही रात्री, लोक झोपेत असताना. अशा वेळी ढिगाऱ्यातून वाट काढणे, जखम पाहणे, माणूस जिवंत आहे की नाही हे ओळखणे ही सारी कामे प्रथम प्रकाशावाचून अडतात.

प्रकाशाची दोन मापे

दुकानातील विजेरीच्या वेष्टनावर बहुधा एकच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो : ल्युमेन. विजेरीतून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, याचे हे माप आहे. तो प्रकाश कोठे जातो हे मात्र त्यावरून कळत नाही. एखाद्या दिशेला प्रकाश किती तीव्र आहे याचे माप कँडेला हे होय. शंभर ल्युमेनचा प्रकाश चहूकडे सारखा पसरला, तर प्रत्येक दिशेला त्याची तीव्रता जेमतेम आठ कँडेला भरते. तोच प्रकाश अंतर्वक्र आरशाने एका अरुंद झोतात एकवटला, तर झोताच्या मध्यभागी तीव्रता काही हजार कँडेलापर्यंत जाऊ शकते. आरसा प्रकाश वाढवीत नाही. तो केवळ एकवटतो.

अंतर वाढले की झोत पसरतो आणि फिका पडतो. अंतर दुप्पट झाले तर प्रकाश चौथाई उरतो. ४०० कँडेलाच्या झोताने १० मीटरवर ४ लक्स, २० मीटरवर १ लक्स आणि ४० मीटरवर पाव लक्स प्रकाश पडतो. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. विजेरीचा ‘पल्ला’ म्हणून जे अंतर सांगतात, ते प्रचलित प्रमाणानुसार एवढाच उजेड पडेल असे अंतर असते. म्हणून पल्ला दुप्पट करण्यासाठी तीव्रता चौपट करावी लागते. ‘चाळीस मीटर’ या शब्दांचा अर्थ तेथे उभा असलेला मनुष्य नीट ओळखू येईल असा नव्हे, तर तेथे काहीतरी आहे एवढे जाणवेल असा घ्यावा.

ऊर्जेचा हिशेब

जुन्या विजेरीत टंगस्टनची बारीक तार तापून प्रकाश देई. बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. एक वॉट शक्ती खर्चून तिच्यातून दहा-पंधरा ल्युमेन मिळत. हल्लीच्या प्रकाश-उत्सर्जक डायोडातून, म्हणजे एलईडीतून, त्याच एका वॉटला शंभर ल्युमेन सहज मिळतात. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड तयार झाल्यामुळे हे साधले. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या प्रकाशात बदलणारा लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कल्पित संकटातील सात रात्रींचा हिशेब मांडता येतो. एका चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये, भार हलका असेल तर, सुमारे ३ वॉट-तास ऊर्जा असते. दोन सेलच्या एलईडी विजेरीला १०० ल्युमेनसाठी सुमारे १.२ वॉट आणि १० ल्युमेनसाठी सुमारे ०.१२ वॉट लागतात असे धरावे. एखाद्या कुटुंबाने रोज रात्री साडेचार तास विजेरी पूर्ण तेजाने जाळली, तर एका रात्रीत ५.४ आणि सात रात्रींत जवळजवळ ३८ वॉट-तास खर्च होतील. त्यासाठी तेरा सेल लागतील. तेच चार तास १० ल्युमेनवर आणि अर्धा तासच १०० ल्युमेनवर काम भागविले, तर रात्रीचा खर्च सुमारे १.१ आणि आठवड्याचा सुमारे ७.६ वॉट-तास होतो. विजेरीतील दोन आणि राखीव दोन, असे चार सेल पुरून उरतात.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. विजेरी किती प्रखर होऊ शकते यापेक्षा ती किती मंद होऊ शकते हे आधी पाहावे. खोलीत वावरण्यास, औषधाची बाटली शोधण्यास, लेकराला धीर देण्यास दहा ल्युमेन पुरतात. शिवाय झोंबींच्या गोष्टीतही खिडकीतून बाहेर पडणारा प्रखर झोत घरात माणसे असल्याची वर्दी देतो. मंद दिवा देत नाही.

हाताने फिरविण्याच्या विजेरीला सेल लागत नाहीत. पण तिचाही हिशेब करावा. हाताने दोन वॉट शक्ती मिळाली तर एका मिनिटात १२० ज्यूल ऊर्जा जमते. तीतील निम्मी वाया गेली तरी ०.१ वॉटचा मंद दिवा दहा मिनिटे चालतो. ती मुख्य दिवा म्हणून अपुरी असली, तरी शेवटचा आधार म्हणून चांगली. भ्रमणध्वनीतील दिवा मात्र संकटात जपून वापरावा. मदत मागण्याचे साधन दिव्यासाठी संपवून टाकणे शहाणपणाचे नाही.

डोळा आणि अंधार

उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्याला पूर्ण सराव होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. दृष्टिपटलातील दंडपेशी मंद उजेडात काम करतात. त्यांतील प्रकाशग्राही द्रव्य तीव्र प्रकाशाने विघटित होते आणि हळूहळू पुन्हा तयार होते. प्रखर झोत एकदा जवळच्या भिंतीवर पडला की अर्ध्या तासाची ही कमाई काही क्षणांत जाते. दंडपेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून मंद तांबड्या दिव्याची सोय उपयोगी असते. परंतु त्या उजेडात नकाशावरील तांबड्या रेषा दिसत नाहीत आणि रक्तही नीट ओळखता येत नाही. जखम पाहावयाची असेल तेव्हा पांढराच प्रकाश हवा.

दिवा कोठे धरावा यालाही महत्त्व आहे. कपाळावर बांधावयाच्या दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात. मात्र प्रकाश डोळ्याजवळूनच येत असल्यामुळे वस्तूंच्या सावल्या दिसत नाहीत आणि जमिनीचे उंचसखल रूप सपाट भासते. चामुंडी टेकडीच्या हजाराहून अधिक दगडी पायऱ्या रात्री उतरावयाच्या असतील, तर विजेरी कमरेच्या उंचीवर हातात धरावी. पायरीची कड आपल्या सावलीने स्पष्ट होते.

जमिनीवरचा हा प्रकाश केवळ ठेचेपासून वाचवीत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हैसूरच्या भातशेतीत काय किंवा सांगलीच्या उसात काय, अंधारात पाऊल टाकणाऱ्याला खरी भीती चालत्या प्रेताची नसून घोणस, नाग आणि मण्यार यांची आहे. त्यासाठी दोनशे मीटरचा झोत नको. पुढील चार पावले उजळणारा रुंद प्रकाश हवा.

पाणी, आघात आणि गळके सेल

विजेरी पाण्यात टिकते की नाही हे तिच्यावरील खुणेवरून कळते. ‘आयपीएक्स-४’ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सोसणारी. ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालणारी. पुराच्या प्रदेशात दुसरीच घ्यावी.

तरीही बहुतेक विजेऱ्या पुरात नव्हे, तर कपाटात मरतात. जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये जस्ताचे भांडे हेच ऋण टोक असते आणि वीज देताना तेच झिजते. शेवटी भांड्याला छिद्र पडून आतील द्रव्य पाझरते. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून धातूच्या पट्ट्या खाऊन टाकते. म्हणून ठेवणीतील विजेरीतून सेल काढून तिच्याजवळच ठेवावेत. नवा व जुना सेल एकत्र घालू नये. जुना आधी संपतो, नवा त्यातून उलट प्रवाह ढकलतो आणि गळती होते. गळलेला सेल उघड्या हाताने धरू नये.

वारंवार भारित करता येणारे लिथियमचे सेल लहान आकारात पुष्कळ ऊर्जा साठवितात. त्यांना उष्णतेपासून जपावे. चेपलेला किंवा फुगलेला सेल वापरू नये. कित्येक नव्या विजेऱ्यांतील विद्युत-मंडल शेवटपर्यंत तेज सारखे राखते आणि मग दिवा एकाएकी मालवतो. जुन्या तारेच्या दिव्याचा तांबूस होत जाणारा इशारा येथे मिळत नाही. राखीव सेल खिशात असणे त्यामुळे अधिकच अगत्याचे झाले आहे.

निवड आणि परीक्षा

या साऱ्याचा मेळ घालता कुटुंबासाठी दोन दिवे योग्य ठरतात. एक, कपाळावर बांधावयाचा मंद व रुंद प्रकाशाचा. दुसरा, हातात धरावयाचा, मंद आणि प्रखर असे दोन्ही प्रकार असलेला, पाणी सोसणारा, खटका अंधारात बोटांना सापडेल असा. दोहोंना एकाच जातीचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सेल लागावेत. एका दिव्याचे सेल दुसऱ्याला चालले तर संकटात निम्मी काळजी मिटते. मदतीसाठी खूण करावयाची तर डोंगरयात्री एका मिनिटात सहा वेळा प्रकाश दाखवितात, मग एक मिनिट थांबतात आणि पुन्हा तसेच करतात. हा संकेत घरातील सर्वांना ठाऊक असावा.

वेष्टनावरील आकडे खरे आहेत की नाहीत हे शाळेतही तपासता येते. पुठ्ठ्यात पाच सेंटिमीटर बाजूचे चौरस छिद्र पाडून तो आरसा नसलेल्या लहान दिव्यापासून एक मीटरवर धरावा आणि दोन मीटरवरील भिंतीवर पडलेला उजेडाचा चौरस मोजावा. त्याची बाजू दहा सेंटिमीटर भरेल, म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरलेला दिसेल. दुसऱ्या प्रयोगात नवे सेल घातलेली विजेरी काळोख्या खोलीत लावून ठेवावी आणि पुस्तकाची एक ठरावीक ओळ दिव्यापासून किती दूर वाचता येते, ते दर तासाला वहीत टिपावे. दोन-तीन विजेऱ्यांचे असे आलेख शेजारी ठेवले म्हणजे कोणती विजेरी सातव्या रात्रीपर्यंत सोबत करील आणि कोणती पहिल्याच रात्री दगा देईल, हे जाहिरातीच्या मदतीवाचून कळते.

वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास, घरातील दिवे लावून पाहावेत, सेल तपासावेत आणि विजेरी पुन्हा तिच्या ठरलेल्या जागी ठेवावी. ती जागा अशी असावी, की घरातील सर्वांत लहान मुलालाही ती डोळे मिटून सापडेल.