वाघाच्या गळ्यातली बॅटरी: ऑपरेटिंग सिस्टिम वीज कशी वाचवते?

नागझिऱ्यात वाढलेला 'जय' हा वाघ २०१३ च्या सुमारास शंभराहून जास्त किलोमीटर अंतर कापून उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. पुढे त्याला रेडिओ कॉलर लावली गेली. एप्रिल २०१६ मध्ये तिचा सिग्नल बंद झाला आणि जय पुन्हा सापडला नाही. कॉलर गप्प होण्याची कारणं बरीच असतात: आपटून फुटते, अँटेना तुटतो, कोणी मुद्दाम नष्टही करतं. पण एक कारण डिझाइन करतानाच बरंचसं टाळता येतं. ते म्हणजे वेळेआधी संपलेली बॅटरी.

आपला मोबाईल रात्री चार्जिंगला लावता येतो, वाघाला तसं लावता येत नाही! बॅटरी बदलायची तर त्याला परत बेशुद्ध करावं लागतं आणि त्यात जोखीम असते. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, त्यांच्याही गळ्यात कॉलर होत्या. अशा उपकरणात वीज जपून वापरणं हेच सॉफ्टवेअरचं मोठं काम.

झोप ही नेहमीची अवस्था

अशा लहान उपकरणांत अँड्रॉइड नसतं. फ्रीआरटीओएससारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असते, किंवा थेट प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम. पारंपरिक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सेकंदाला शंभर ते हजार वेळा 'टिक' होतं, म्हणजे प्रोसेसर जागा होऊन विचारतो, "काही काम आहे का?" काम नसलं तरी वीज जातेच. म्हणून 'टिकलेस' पद्धत आली. पुढचं काम चार तासांनी असेल, तर तेवढ्या वेळेचा गजर लावायचा आणि बाकी सगळं बंद करायचं. फक्त घड्याळाचा भाग चालू राहतो. गजर झाला की इंटरप्ट येतो आणि प्रोसेसर उठतो.

आता हिशोब बघू

आकडे समजण्यापुरते धरलेत. बॅटरी १०,००० एमएएच आणि जीपीएस चालू असताना ३० मिलिअँपिअर लागतात असं समजा. सतत चालू ठेवलं तर ३३३ तास, म्हणजे जेमतेम १४ दिवस. आता दर चार तासांनी एकच मिनिट चालू करा. दिवसाला सहा मिनिटं, म्हणजे ३ एमएएच. झोपेतला खर्च २० मायक्रोअँपिअर धरला तर दिवसाचा अर्धा एमएएच. तीच बॅटरी सात वर्षांहून जास्त चालेल! उपग्रहाला माहिती पाठवणं आणि व्हीएचएफ सिग्नल यांचा खर्च धरला की हा आकडा बराच खाली येतो, पण फरक लक्षात आला असेल.

खरी गोम पुढे आहे. दाट झाडीत किंवा खोल नाल्यात जीपीएसला उपग्रह सापडत नाहीत. प्रोग्रॅम हट्टाने शोधत बसला, तर वर्षाची वीज काही दिवसांत संपते. म्हणून मर्यादा घालावी लागते: दीड-दोन मिनिटांत जागा मिळाली नाही तर सोडून द्या, झोपा, पुढच्या वेळी बघू. एखादी नोंद हुकली तरी चालेल, कॉलर टिकली पाहिजे.

तुमच्या खिशातही हेच

फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरला झोपवायला बघते. एखाद्या अ‍ॅपला काम पुरं करायचं असेल तर ते 'वेकलॉक' घेतं, म्हणजे "मी आहे, झोपू नका." काम झाल्यावर तो सोडायचा विसरला की बॅटरी सकाळपर्यंत रिकामी. यावर उपाय म्हणून २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत 'डोझ' आलं. फोन चार्जिंगला नाही, हलत नाही आणि स्क्रीन बंद आहे, असं दिसलं की अ‍ॅप्सची कामं अडवून ठेवायची आणि अधूनमधून थोडा वेळ एकदमच करू द्यायची.

पण बचतीचीही किंमत असते. वनरक्षक गस्तीचा मार्ग एम-स्ट्राइप्स अ‍ॅपवर नोंदवतात. फोनच्या बॅटरी सेव्हरने असं अ‍ॅप मध्येच थांबवलं, तर चाललेली वाट नोंदीत तुटक दिसेल. म्हणून ज्या अ‍ॅपची नोंद महत्त्वाची, त्याला सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आणि ज्यांची गरज नाही त्यांची सूट काढून घ्या. वीज कुठे वाचवायची हे सिस्टिम ठरवते. कुठे वाचवायची नाही, हे मात्र आपणच तिला सांगावं लागतं.