वरणगावचं काडतूस, सियाचिनचा गारठा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून शाळा-कॉलेजला जाणाऱ्या एनसीसी छात्राच्या हाती पहिल्यांदा येते ती .22ची रायफल, आणि निशाणा असतो अवघ्या 25 मीटरवर. इतक्या जवळून थंडी-उन्हाचा हिशेब करावा लागत नाही. शहराचा पारा जानेवारीत दहाच्या आसपास उतरो की मेमध्ये चाळिशी ओलांडो, कागदावरची छिद्रं फारशी हलत नाहीत. हाच छात्र फौजेत गेला, अंतर सहाशे मीटर झालं आणि पारा उणे वीसवर आला, की सगळं गणित बदलतं.

त्या गणितात महाराष्ट्र फार आतवर गुंतलेला आहे. सैन्यासाठीच्या इन्सास रायफलचा आराखडा पुण्यात, पाषाणच्या ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत झाला. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आयुध निर्माणी रायफलींची काडतुसं बनवते. खानदेशात उन्हाळ्यात पारा 45च्या वर चढतो, तर सियाचिनच्या चौक्यांवर तो उणे 50पर्यंत घसरतो. ही दोन्ही टोकं काडतुसाला सोसावी लागतात.

थंडीचा पहिला घाव काडतुसातल्या दारूवर बसतो. गारठलेली दारू सावकाश जळते, नळीत दाब कमी भरतो आणि गोळी मंद सुटते. जुन्या धाटणीच्या दारूत दर अंशामागे वेग सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरने घटतो. म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हात झिरो केलेली, म्हणजे नेम जुळवून ठेवलेली, 7.62 मिलिमीटरची रायफल उणे वीसमध्ये चालवली, तर वेगात तीसेक मीटरची तूट येते आणि 600 मीटरवर गोळी वीतभराहून जास्त खाली लागते. इथे महत्त्वाचं असतं ते काडतुसाचं तापमान. खिशातल्या उबेतलं एक आणि रात्रभर बर्फात पडलेलं दुसरं, अशी काडतुसं पाठोपाठ झाडली तर नेम अचूक असूनही गोळ्या वेगवेगळ्या उंचीवर लागतात.

थंड हवा दाट असते, ती गोळीला जास्त अडवते, हा नियम खरा. पण तो समान उंचीपुरता. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. त्यामुळे उणे वीस अंशांतही तिथली हवा संभाजीनगरच्या उन्हाळी हवेच्या दोन तृतीयांशच दाट भरते. गारठलेली दारू गोळीचा वेग घटवते, विरळ हवा तो टिकवते. या ओढाताणीत गोळी शेवटी कुठे लागेल, हे निव्वळ थंडीवरून सांगता येत नाही.

शिवाय धातू, प्लास्टिक आणि माणूसही गारठतो. वंगण घट्ट होऊन फायरिंग पिनचा ठोका मंदावतो, श्वासाने दुर्बिणीची काच धुरकटते, जाड हातमोज्यातल्या बोटाला ट्रिगरचा अंदाज येत नाही. 1999च्या कारगिल युद्धात इन्सासची प्लास्टिकची मॅगझिन थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. माझ्या मते हिमालयातल्या नेमबाजीत गारठून बधिर झालेल्या बोटांची अडचण वाऱ्याइतकीच मोठी आहे.

सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आतापासून एक सवय लावून घ्यावी: सरावाच्या वहीत गुणांशेजारी तापमान, ठिकाणाची उंची आणि काडतुसांचा लॉट लिहावा, आणि नव्या जागी पोचल्यावर रायफल तिथल्याच हवेत, तिथल्याच गारठ्यात पुन्हा झिरो करावी.