जागेपणीची शस्त्रक्रिया (७) : ‘ही…’ म्हणाला आणि थांबला

भूलतज्ज्ञाबद्दल आज लिहिणार होतो. पण उत्तनहून एका ताईंचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. त्यांच्या धाकट्या भावाच्या मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे. परळला टाटामध्ये दाखवलंय, जागेपणी शस्त्रक्रिया करू म्हणतायत. ताई विचारतात, “घरात आमची कोळी बोली, शाळा मराठी, बंदरावर हिंदी. टेबलावर त्याला कुठल्या भाषेत बोलायला लावतील?”

ताई, स्पीच थेरपिस्टच्या नोकरीत मी याच प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडलो.

१९७८ साली अमेरिकेत ओजेमन आणि व्हिटेकर यांनी दोन-दोन भाषा बोलणारे दोन रुग्ण तपासले. उघड्या मेंदूवर विजेचं टोक टेकवलं, की काही जागी दोन्ही भाषा अडत. काही जागी एकच अडे, दुसरी सुरळीत चाले. म्हणजे एकाच भाषेत तपासून पुढे गेलं तर दुसरीला धक्का लागू शकतो. पुढे १९८९ मध्ये ओजेमननी ११७ रुग्णांची नोंद मांडली. भाषेच्या कळीच्या जागा बऱ्याचदा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या निघाल्या आणि त्याही माणसागणिक वेगळ्या. छापील नकाशा इथे चालत नाही, मागच्या वेळी म्हटलं होतं ते याचमुळे.

तेव्हा माझं मत : घरची भाषा आधी, पोटापाण्याची नंतर. रुग्ण थकतो, वेळ मोजका असतो, म्हणून क्रम आधीच ठरवावा.

भाषेनंतर चित्रांचा घोळ. चित्र पाहून नाव सांगायच्या बोस्टनच्या प्रसिद्ध चाचणीत ६० चित्रं आहेत. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, प्रेट्झेल आहे. हे प्रेट्झेल मी एकदा भाईंदरच्या एका आजींना दाखवलं. “कडबोळं,” त्या ताबडतोब म्हणाल्या, “पण नीट वळलेलं नाही.” उत्तरपत्रिकेप्रमाणे चूक! मी पूर्ण गुण दिले. शस्त्रक्रियेआधी सगळी चित्रं दाखवून रुग्णाला न आलेली वगळतात, ती यासाठीच. तुमच्या भावाला होडी, वल्हं, जाळं, बोंबील दाखवा म्हणावं.

आता माझा जुना हट्ट. नुसतं ‘होडी’ म्हणवून घेऊ नये, पूर्ण वाक्य म्हणवून घ्यावं. सर्जन काही सेकंदच विजेचं टोक टेकवतो. तेवढ्यात बोलणंच बंद पडलं, तर अडचण उच्चाराची असू शकते. वाक्य सुरू झालं आणि नेमकं नावच आलं नाही, तर शब्द सापडत नाहीये. फ्रान्समध्येही म्हणूनच चित्राचं नाव वाक्यात घालून विचारतात.

पण मराठीत याहून मोठी गंमत आहे. हिंदीत ‘यह मछली है’, ‘यह जाल है’. ‘यह’ काही बदलत नाही. आपल्याकडे हा मासा, ही होडी, हे जाळं. म्हणजे वस्तूचं नाव तोंडातून निघायच्या आधीच तिचं लिंग पहिल्या शब्दात निघून जातं. होडीचं चित्र पाहून माणूस “ही…” म्हणाला आणि थांबला, तर होडी स्त्रीलिंगी आहे हे त्याला ठाऊक आहे, नाव तेवढं निसटलंय. “हा…” म्हणून थांबला तर बिघाड आणखी आतला असावा. हिंदीत तपासलं तर हा सुगावा लागतच नाही. म्हणून रुग्ण मराठी आणि तपासणी हिंदीत, हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टरांना हिंदी सोयीची असेल. मेंदू रुग्णाचा आहे.

कोळी बोलीतली ‘हा-ही-हे’ची रूपं वेगळी असतील, तर ती आधीच कागदावर उतरवा आणि थेरपिस्टच्या हातात द्या. भाऊ ‘होडी’ म्हणतो की ‘बोट’, हेही त्यात लिहा. नाहीतर बरोबर उत्तर चुकीचं धरलं जाईल, ती जागा भाषेची समजून सर्जन थांबेल आणि काढता येण्याजोगी गाठ जागेवर राहील.

ताई, तपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः बरोबर जा. भूलतज्ज्ञ पुढच्या रविवारी, नक्की.