काचेची शेगडी : पाक सांडला तर थांबू नका

आम्ही कापडाचे व्यापारी. डागाशी आमचा रोजचा संबंध. डाग ताजा असतानाच काढावा, हा दुकानातला पहिला धडा. घरच्या काचेच्या शेगडीपुढे मात्र तो विसरलो आणि नुकसान सोसले.

आमच्याकडे विजेची इन्फ्रारेड शेगडी आहे. गुलाबजामचा पाक उतू जाऊन तापलेल्या काचेवर पसरला. सूनबाई काढायला निघाल्या, तर आम्हीच म्हणालो, "हात भाजेल, थंड होऊ द्या." सकाळी पाकाचा थर उचलला, तेव्हा त्याबरोबर काचेचे टवकेही निघाले. अशी काच दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

कारण असे. इन्फ्रारेड व इंडक्शन शेगडीवर साधी काच नसून सिरॅमिक काच असते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीत काचेचा एक नमुना चुकून प्रमाणाबाहेर तापला. तो हातून पडला, तरी फुटला नाही. या जातीच्या काचेचा शोध त्यातून लागला. शेगडीवरची सिरॅमिक काच तापून जवळजवळ फुगत नाही, थंड होऊन आकसत नाही. साखरेचा पाक मात्र तिला घट्ट चिकटतो आणि थंड होताना आकसतो. या ओढाताणीत काचेचा पापुद्रा निघतो.

म्हणून साखर, गूळ, पाक, मुरंबा किंवा प्लॅस्टिक वितळून पडले, तर शेगडी बंद करा, भांडे उचला, हातात जाड सुती मोजा घाला आणि मूठ असलेल्या ब्लेडच्या खरवडणीने ते लगेच थंड बाजूला ओढून घ्या. येथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो. टेरिकॉट किंवा मायक्रोफायबरचे फडके गरम काचेला लावू नका. त्यात पॉलिएस्टर असते आणि ते २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. इन्फ्रारेड शेगडीची काच याहून जास्त तापते.

बाकीच्या डागांना घाई नको. काच थंड झाल्यावर दूध, तेल, आमटी ओल्या फडक्याने पुसा. करपलेल्या जागी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, वर ओले फडके १५ मिनिटे ठेवा, मग पुसून घ्या. खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या डागांना सिरका लावा. तारेची घासणी, राख व वाळू दूर ठेवा. भांडे सरकवू नका, उचलून ठेवा, कारण बुडाखालचा एखादा कणही चरा पाडतो. काचेला तडा दिसला, तर वीज बंद करा आणि काच बदलेपर्यंत शेगडी वापरू नका.

गॅसच्या शेगडीवरची काच बहुधा टफन्ड, म्हणजे वेगळ्या जातीची असते. ती गरम असताना थंड पाणी टाकू नये.

खरवडणी शेगडीशेजारीच खिळ्याला अडकवून ठेवा. ती शोधेपर्यंत पाक सुकतो.