आधी दाखला, मग कॉलेज!

पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले. पाण्याने दूरदूरची शिवारे भिजली. पण ज्यांच्याजवळ भिजवायला जमीनच नव्हती, त्यांचे काय? त्या आमच्या माणसांपुढे पुढे जाण्याची एकच वाट उरली, ती शिक्षणाची. आज त्यांचीच नातवंडे विचारतात, "साहेब, कॉम्प्युटरला जायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?" आम्ही उलट प्रश्न करतो, "बाळा, व्हॅलिडिटी काढली का?" बहुतेक वेळा पोरगा बापाकडे पाहतो आणि बाप जमिनीकडे.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो : आधी दाखला, मग कॉलेज. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली. पुढे महाराष्ट्राचा २००० चा जात प्रमाणपत्र कायदा आला. त्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. अनुसूचित जातीसाठी पुरावा लागतो तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. आता तेव्हाचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातून नुकताच बाहेर पडलेला! जुनी दप्तरे पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर प्रवेश-निर्गम उतारा आणायचा कुठून? मग जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे शोधा. चुलत्याची किंवा सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी असेल तर ती वंशावळीसह जोडा. हे काम आठ दिवसांत होत नाही. अकरावीतच अर्ज भरून जिल्हा समितीकडे दाखल केला पाहिजे. सरकार कधी मुदतवाढ देते, कधी देत नाही. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि पोरगा खुल्या प्रवर्गात फेकला जातो.

दुसरा प्रश्न नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, आम्ही बौद्ध झालो, आता दाखल्यावर जुनी जात कशाला? भावना रास्त आहे. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती मिळायला १९९० ची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती व्हावी लागली, हा इतिहास विसरू नये. केंद्राच्या यादीत 'नवबौद्ध' नावाची जात नाही. आयआयटी, एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि त्यात यादीतील मूळ जातीचे नाव लागते. धर्म बौद्धच लिहा, अभिमानाने लिहा. दाखल्यावरची जात ही आपली ओळख नव्हे, आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे. पुरावा म्हणून ती वापरायची. राज्याचा एक आणि केंद्राच्या नमुन्यातला एक, असे दोन्ही दाखले काढून ठेवा.

आता कॉलेज. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाला बारावीत भौतिकशास्त्र व गणित लागतेच. डॉक्टरकीच्या नादात अकरावीला गणित सोडणाऱ्याने हे दार स्वतःच लावून घेतलेले असते. सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, पसंतीक्रम भरताना सरकारी व अनुदानित संस्था आधी लिहा : पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी, लोणेरेचे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि आपल्या जवळचे नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी. जेईई दिली असेल तर नागपूरचे व्हीएनआयटीही आहे. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांना असतात आणि अनुसूचित जातीच्या मुलांना शिकवणी शुल्क माफ असते. क्रम विचार करून लावा. २०२५ च्या नियमात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तर तीच जागा कायम होत होती. नको असलेले कॉलेज वर टाकण्याची चूक महागात पडते.

सीईटीत गुण कमी आले म्हणून खचू नये. दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बी.एस्सी. संगणकशास्त्र करून पुढे दोन वर्षांचे एमसीए करता येते. बीसीएलाही २०२४ पासून सीईटी आहे, तिची तारीख चुकवू नका.

पैशाचे म्हणाल तर अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना. मात्र शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. 'मॅनेजमेंटमधून जागा देतो' म्हणणारा एजंट शिष्यवृत्तीवर पाणी सोडायला लावतो, हे कुणी सांगत नाही. देणगी घेणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्याने गुन्हा आहे. आणि खात्यावर शिष्यवृत्तीतली फीची रक्कम आली तर ती कॉलेजचीच, घरखर्चाची नव्हे.

शेवटी, तारीख! २०२१ साली आयआयटी मुंबईत एका दलित मुलाची जागा ऑनलाइन फी भरता आली नाही म्हणून गेली. २०२४ साली धनबादला १७,५०० रुपये वेळेत भरले गेले नाहीत म्हणून दुसऱ्याची गेली. दोघांना सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून न्याय दिला. पण येलदरीतून दिल्ली गाठणे किती जणांना जमेल?

१९१३ साली कोलंबियाला जाण्यापूर्वी बाबासाहेबांनीही बडोदा संस्थानच्या करारावर सही केली होती, दहा वर्षे नोकरीच्या अटीसह. कागद हा लढ्याचाच भाग आहे. म्हणून गावोगावच्या विहारांत दिवाळीच्या सुटीतच अकरावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करा. दाखला कुणाचा आहे, व्हॅलिडिटी कुणाची राहिली, बँक खाते आधारशी जोडले का, हे तपासा. गावातल्या शिकलेल्या एकाने पाच मुलांचे कागद अंगावर घ्यावेत. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा फॉर्म फीसाठी बाजूला काढावा. एवढे केले तर येत्या जूनमध्ये आपल्या पोरांना "कुठलं कॉलेज?" हा प्रश्न हक्काने विचारता येईल.

जयभीम!