पोटावरची पिशवी आणि लोकलचा प्रवास

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पोटावर शौचाची पिशवी आली, पण बदलापूर-परळ प्रवास काही सुटला नाही. गर्दीत पिशवी गळली तर? ही धास्ती अंबरनाथ-उल्हासनगरच्या गाडीतही कुणाकुणाला असणार. बोलत मात्र कुणी नाही.

गळण्याचे मूळ बहुधा भोकाच्या मापात असते. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, पहिले ६ ते ८ आठवडे आक्रसत जाते. जुन्याच मापाने चकती कापली की उघड्या कातडीवर मळ साचतो, ती सोलवटते आणि ओल्या कातडीवर चकती टिकत नाही. म्हणून माप पुन्हा घ्यावे. भोक स्टोमाहून २-३ मिलिमीटरच मोठे ठेवावे. कातडी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, क्रीम नकोच. पिशवी एकतृतीयांश भरताच रिकामी करावी. वजनाने चकती सुटते.

२७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात तासन्‌तास अडकली होती. त्यामुळे पावसाळ्यात कापून ठेवलेली चकती, पिशवी आणि पाण्याची बाटली माझ्या झोळीत असतेच.

स्टोमा काळपट दिसला, किंवा काही उतरेना आणि पोट दुखू लागले, तर मात्र घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.