पायाखालची जमीन

कोल्हापुरात राजारामपुरी नावाचा मोठा भाग आहे. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज, त्यांचे नाव या वस्तीला दिले आहे. इथल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. ज्याला आकडे वाचता येतात, तो इथे चुकत नाही. इथे दुकाने आहेत, दवाखाने आहेत, शिकवण्या आहेत आणि नाचाचे क्लासही आहेत.

नाचाची आवड असलेल्या पोरीला घेऊन आईबाप एस. टी. ने शहरात येतात. पाटी वाचतात. जिना चढून आत जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, "फी किती हो?" आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न थोडा मागाहून विचारा. आधी चपला काढा आणि खालची जमीन बघा.

तुम्ही म्हणाल, जमिनीत काय बघायचे? सांगतो. कथक नाचात पाय आपटून ताल धरतात. तासाभरात पाय शेकडो वेळा जमिनीवर पडतो. लावणीतही तेच, आणि सिनेमातल्या नाचात तर उड्याच फार. पाय जमिनीवर आपटला की तिचा उलटा मार पायाला बसतो. जमीन थोडी लवती असली, तर ती हा मार पोटात घेते. सिमेंटची किंवा शहाबादी फरशीची जमीन मुळीच लवत नाही. मग तो सगळा मार टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलांची हाडे अजून पक्की झालेली नसतात, म्हणून त्यांना जास्त जपायचे.

परीक्षा सोपी आहे. अनवाणी टाच हळूच आपटा. खालून पोकळ आवाज आला, तर लाकडी तक्तपोशी आहे असे समजा. भरीव 'धप्' वाजले आणि टाचेला झणका बसला, तर खाली नुसता दगड किंवा सिमेंट आहे. फरशीवर सतरंजी टाकली म्हणजे भागले, असे पुष्कळांना वाटते. पण सतरंजी सरकते आणि पोर तोंडावर पडते. जाड गादीही नको. तिच्यात पाऊल रुतते आणि गिरकी घेताना घोटा मुरगळतो.

क्लास चालवणाऱ्यांनी मनावर घेतले तर यावर उपाय आहे. खाली रबराचे तुकडे ठेवावेत. त्यांवर लाकडी पट्ट्या. पट्ट्यांवर जाड प्लायवुडचे दोन थर. खालच्या थराचे सांधे आणि वरच्या थराचे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. स्क्रूची डोकी आत बुडालेली हवीत, नाहीतर तळपाय फाटतात. हिशेबही करून बघा. खोली १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. म्हणजे १९२ चौरस फूट झाले. प्लायवुडचा एक तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद, म्हणजे ३२ चौरस फूट. एका थराला ६ तक्ते, दोन थरांना १२. खर्च आहे खरा. पण तो एकदाच करायचा असतो.

याच खोलीत मुले किती मावतील? हात पसरून फिरायला एका मुलाला निदान ५ फूट लांब आणि ५ फूट रुंद जागा लागते. म्हणजे २५ चौरस फूट. १९२ ला २५ ने भागा. सात मुले झाली. त्या खोलीत वीस मुले उभी केलेली दिसली, तर तिथे नाच कमी आणि धक्काबुक्की जास्त होणार. फी वीस जणांची मिळते, हे खरे. म्हणून तर मुले कोंबतात!

आता शिकवणाऱ्यांसाठी दोन शब्द. आल्या आल्या मुलांना उड्या मारायला लावू नका. दहा मिनिटे अंग मोकळे होऊ द्या. भरतनाट्यममध्ये गुडघे वाकवून अर्धे बसतात. त्या वेळी गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेला पाहिजे. पावले जबरदस्तीने बाहेर वळवली, तर गुडघा पिळला जातो. पाय फाकत नाहीत म्हणून पोरीच्या मांड्यांवर भार देऊन दाबणे, हे तर शिकवणे नव्हेच. पहिल्या महिन्यात घुंगरांची घाई कशाला? आधी मोकळ्या पायाने ताल पक्का होऊ दे. तमाशातल्या बाया पायांत जड चाळ बांधून रात्रभर नाचत. पण तो भार पेलायला त्यांचे पाय वर्षानुवर्षे तयार झालेले असत.

पोरगी "नडगी दुखतेय" म्हणाली, तर "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. दमून दुखणारे अंग विसाव्याने बरे होते. पण एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येते, चालतानाही दुखते, रात्रीही दुखते, असे असेल तर नाच थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तो भरून यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात संमेलन बुडाले तर बुडू द्या.

आणखी एक गोष्ट, आणि ही आम्ही मुद्दाम सांगतो. पोरीच्या आईला क्लासमध्ये बसू द्यावे. "पालकांना आत येण्यास मनाई" अशी पाटी असेल, तर तिथून परत फिरा. नाच शिकवताना हातपाय धरून दाखवावे लागतात, हे कबूल. पण ते चार माणसांसमोर. मुलांशी वाईट वागणाऱ्याला २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कडक शिक्षा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत. हा नंबर वहीत लिहून ठेवा.

क्लाससाठी जागा भाड्याने घेणार असाल, तर भाडेकरार लेखी करा आणि तो सरकारदरबारी नोंदवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात तसे सांगितले आहे. वरच्या मजल्यावर क्लास असेल, तर खालच्या बिऱ्हाडाशी आधी बोला. त्यांच्या डोक्यावर रोज धिंगाणा होणार असतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. जिन्यात खोकी आणि चपलांचे ढीग नकोत. शाहू महाराजांच्या काळात बांधलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आता फी. पैसे द्या, पण पावती घ्या. पावतीवर तारीख, रक्कम आणि कोणत्या महिन्याची फी ते वाचा. पोशाख आणि संमेलन यांचे वेगळे पैसे आहेत का, तेही आधीच विचारा. पुष्कळ भांडणे इथेच होतात.

काही क्लास तीन महिन्यांत रंगीत प्रमाणपत्र देतात. भिंतीवर लावायला ते छान दिसते. पण नाचाच्या परीक्षा निराळ्या असतात. कोल्हापूरजवळच्या कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी घरंदाज माणसांना गाणे शिकायची वाट मोकळी केली. ते १९३१ साली मिरजेला वारले. त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ काढले. हे मंडळ गाण्याच्या, तसेच कथक आणि भरतनाट्यम यांच्या परीक्षा घेते. प्रारंभिक ही पहिली. मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद. या तिन्हींचे प्रथम आणि पूर्ण असे दोन दोन भाग. म्हणजे विशारद पूर्ण होईपर्यंत सात परीक्षा झाल्या. त्याला कित्येक वर्षे लागतात. त्यापुढे अलंकार. दहावीला अशा परीक्षांचे वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. त्याचे नियम शाळेत विचारून घ्या.

क्लासमध्ये विचारा, "तुमची मुले या परीक्षांना बसतात का? आतापर्यंत कितवीपर्यंत पोचली?" आणि परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, ती त्यांच्याकडून लिहूनच घ्या.